पडद्यावरची शर्यत आणि तिची दोन वाहने

बडोदे शहराच्या जुन्या तटाला चार दिशांना चार दरवाजे आहेत. पश्चिमेस लहेरीपुरा, उत्तरेस चांपानेर, दक्षिणेस गेंडीगेट आणि पूर्वेस पाणीगेट; आणि चारही वाटा जेथे एकत्र येतात तेथे मांडवी. यांपैकी पाणीगेटच्या बाजूला गायकवाडांच्या अमदानीतील एका राजेशाही करमणुकीचे स्थान होते. हत्तींच्या झुंजींसाठी उंच भिंती घालून बांधलेले ते मैदान ‘अगड’ या नावाने ओळखले जाई. तेथे कधी दोन हत्तींची टक्कर लावीत. कधी मदाने बेफाम झालेल्या हत्तीसमोर निधड्या छातीची माणसे पायी उतरत, त्याला डिवचीत, आणि भिंतीतील अरुंद दिंड्यांतून निसटून जीव वाचवीत. खंडेराव महाराजांच्या कारकिर्दीत, म्हणजे 1856 ते 1870 या काळात, या खेळाला मोठा भर होता. लुई रूसले या फ्रेंच प्रवाशाने त्याचे सविस्तर वर्णन करून ठेवले आहे. 1875 साली इंग्लंडचे युवराज बडोद्यास आले तेव्हा त्यांनाही तो दाखविण्यात आला. याच खेळाला ‘साठमारी’ म्हणत. कोल्हापुरासही साठमारीचे मैदान होते. आज राजकीय पक्षांच्या भांडणाला वर्तमानपत्रे हाच शब्द लावतात, आणि तो वाचणाऱ्यांपैकी फारच थोड्यांच्या डोळ्यांपुढे हत्ती उभा राहत असेल.

भिंतीवरून पाहणारा जमाव हजारोंचा असला तरी हत्ती मात्र एकट्या महाराजांचे असत. झुंज असो वा शर्यत, वाहनाच्या खेळाचा इतिहास हा प्रायः वाहनाच्या मालकीचा इतिहास असतो. पायी धावण्याच्या शर्यतीचे तसे नाही. संत पौलाने करिंथकरांना पत्र लिहिताना मैदानात धावणाऱ्यांचा दृष्टांत घेतला आहे. तेथे धावपटूजवळ स्वतःच्या पायांखेरीज काही नव्हते, म्हणूनच तो दृष्टांत गरिबालाही लागू पडतो. रथ आला, घोडा आला, मोटार आली, की कोण किती चांगला हाकतो या प्रश्नाच्या आधी वाहन कोणाजवळ आहे हा प्रश्न उभा राहतो.

बडोद्यालाच याचे ठळक उदाहरण सापडते. 1939 साली गादीवर आलेले प्रतापसिंहराव गायकवाड घोड्यांच्या शर्यतीचे मोठे शौकीन. त्यांनी इंग्लंडमध्ये एक वर्ष वयाचा एक शिंगरू 28,000 गिनी देऊन घेतला. त्या काळी एवढ्या वयाच्या जनावराला इतकी किंमत कोणी मोजली नव्हती. त्याचे नाव ठेवले ‘सयाजीराव’. 1947 साली या घोड्याने आयर्लंडची डर्बी आणि इंग्लंडची सेंट लेजर अशा दोन्ही शर्यती मारल्या, आणि पुढच्याच वर्षी महाराजांच्या ‘माय बाबू’ या दुसऱ्या घोड्याने टू थाउजंड गिनीज ही शर्यत जिंकली. आजोबांनी 1906 साली राज्यभर सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू केले, 1910 पासून अमेरिकन ग्रंथपाल बोर्डन यांच्या हस्ते वाचनालयांचे जाळे विणले. नातवाने आजोबांचे नाव घोड्याला दिले. 1949 साली संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि 1951 साली प्रतापसिंहरावांचे महाराजपदही गेले. त्या मधल्या वर्षांत सेंट लेजरच्या शर्यतीत बडोद्याचे नाव गाजत होते खरे, पण पाणीगेटातील मुलाच्या वाट्याला त्यातील फक्त बातमी आली.

वाहनाची किंमत शर्यतीतून काढून टाकता येईल, हा विचार प्रत्यक्षात आणला तो विजेच्या पडद्याने. 1974 साली अमेरिकेतील अटारी कंपनीने ‘ग्रॅन ट्रॅक 10’ नावाचे एक यंत्र बाजारात आणले. माणसाच्या उंचीची पेटी, तिला काचेचा पडदा, खाली खरे स्टिअरिंग, गिअरची दांडी आणि पायाशी दोन पेडले. नाणे टाकले की काळ्या पडद्यावर पांढऱ्या ठिपक्यांचा रस्ता दिसे आणि ठरावीक वेळ गाडी हाकता येई. त्याच वर्षी जपानमध्ये ताइतो कंपनीचे ‘स्पीड रेस’ आले. 1982 मध्ये नामको कंपनीच्या ‘पोल पोझिशन’ने फुजी येथील खऱ्या मार्गाचे चित्र पडद्यावर आणले आणि शर्यतीआधी पात्रतेची फेरी घेण्याची चाल पाडली. ही सारी यंत्रे सार्वजनिक होती. जो नाणे टाकील त्याला तीच गाडी, तोच रस्ता, तीच वेळ. श्रीमंताला नाणी जास्त टाकता येत, म्हणजे सराव जास्त करता येई. पण प्रत्यक्ष शर्यतीत त्याची गाडी अधिक वेगाने पळत नसे. वाहनाच्या खेळात एवढी समता पूर्वी क्वचितच आढळली असेल.

हा खेळ सार्वजनिक जागेतून घरात शिरला तेव्हा मात्र त्याला दोन वाटा फुटल्या. एक वाट गेम कन्सोलची, ज्याला आपल्याकडे घरोघर ‘टीव्ही गेम’ किंवा नुसतेच ‘व्हिडिओ गेम’ म्हणत. दुसरी पर्सनल कॉम्प्युटरची. दोन्हींच्या पोटात गणित करणारी चकती एकाच जातीची असली तरी दोन्हींचा स्वभाव निराळा आहे. कन्सोल हे कारखान्यातून लाखांच्या संख्येने बाहेर पडलेले आणि एकमेकांशी तंतोतंत जुळणारे यंत्र होय. ते टीव्हीला जोडावयाचे, त्यात कॅसेट किंवा तबकडी घालावयाची आणि खेळावयाचे. पत्र लिहावे, हिशोब ठेवावा, अशी त्याची प्रतिज्ञाच नाही. कॉम्प्युटर हे सुटे भाग जोडून उभे केलेले, मालकाच्या ऐपतीप्रमाणे वाढणारे यंत्र. त्यात पत्रही लिहिता येते, हिशोबही ठेवता येतो, आणि दार लावून घेतले तर शर्यतही लावता येते. घोड्यांच्या भाषेत बोलावयाचे तर कन्सोल म्हणजे सर्वांना एकाच रक्ताचा, एकाच वजनाचा घोडा. कॉम्प्युटर म्हणजे ज्याची त्याची पागा.

कन्सोलच्या वाटेवरचा शर्यतीचा पहिला ठळक टप्पा 1977 चा. त्या वर्षी अटारीने घरगुती यंत्र काढले आणि त्याबरोबर आलेल्या पहिल्या नऊ खेळांत ‘इंडी 500’ हा शर्यतीचा खेळ होता. त्यासाठी गोल फिरणारी खास चक्री दिलेली असे. चित्र म्हणावे तर चार चौकोन. पण दोन भावंडे एकाच टीव्हीसमोर बसून एकमेकांशी शर्यत लावू शकत होती, आणि हे सुख त्या यंत्राने निश्चित दिले.

कॉम्प्युटरच्या वाटेवरचा टप्पा याहून वेगळ्या प्रकारचा आहे आणि आपल्याकडील शाळांशी त्याचा चमत्कारिक संबंध आहे. 1984 च्या सुमारास जेफ क्रॅमंड या इंग्रज गृहस्थाने ‘रेव्ह्ज’ नावाचा खेळ लिहिला. त्यात इंग्लंडमधील सिल्व्हरस्टोनचा मार्ग होता, आणि वळणावर टायरची पकड किती उरते, गाडीच्या पंखांचा कोन बदलला तर काय होते, असल्या गोष्टींचा हिशोब यंत्र स्वतः करीत असे. करमणुकीपेक्षा पदार्थविज्ञानाचा तास म्हणावा असा तो खेळ होता. तो चाले बीबीसी मायक्रो या कॉम्प्युटरवर. आता योगायोग असा की 1984-85 साली भारत सरकारने शाळांत संगणक-साक्षरता आणण्यासाठी ‘क्लास’ या नावाची योजना सुरू केली, आणि सुमारे 250 शाळांतून तिचा आरंभ झाला तो याच बीबीसी मायक्रो यंत्रांवर. म्हणजे एकाच वेळी, एकच यंत्र, इंग्लंडमधील मुलाच्या घरी शर्यतीचे वाहन होते आणि भारतातील मुलाच्या शाळेत ते कुलुपाच्या खोलीत झाकून ठेवावयाचे, चपला बाहेर काढून जवळ जावयाचे विद्येचे उपकरण होते. यंत्रात फरक काहीच नव्हता. फरक होता त्याच्याकडे पाहण्याच्या दृष्टीत.

ही दृष्टी पुढे फार दूरवर परिणाम करणारी ठरली. जपानच्या निन्टेन्डो कंपनीने 1983 मध्ये ‘फॅमिकॉम’ हा कन्सोल काढला. भारतात तो मूळ नावाने फारसा आलाच नाही. आली त्याची नक्कल. ‘समुराई’, ‘लिटल मास्टर’ अशा नावांनी विकली जाणारी ती यंत्रे 1990 नंतरच्या दशकात मध्यमवर्गीय घरांत शिरली. त्यांच्याबरोबर एकाच कॅसेटमध्ये शंभर-शंभर खेळ भरलेले असत, त्यांतील निम्मे तेच ते असत, आणि शर्यतीचे म्हणून ‘रोड फायटर’ आणि ‘एफ-1 रेस’ हे दोन बहुधा सापडत. ‘रोड फायटर’मध्ये गाडी वरून दिसे, पेट्रोल सतत संपत जाई, आणि रस्त्यात भेटणाऱ्या रंगीत गाडीला धडकले की ते वाढे. मे महिन्याच्या सुटीत टीव्ही गेम भाड्याने देणारी दुकाने चालत. आठ दिवसांचे भाडे ठरवून यंत्र घरी आणावयाचे आणि वडील कचेरीतून येण्यापूर्वी तारा काढून ठेवावयाच्या, अशी त्या पिढीची रीत होती.

अधिकृत मार्गाने आलेल्या कन्सोलची कथा निराळी. 1995 च्या एप्रिलमध्ये शॉ वॉलेस या कंपनीने सेगा कंपनीचे ‘मेगा ड्राइव्ह’ हे यंत्र भारतात आणले. त्या वेळी अशा वस्तूंवर 80 टक्के आयातकर होता. तो टाळण्यासाठीच हा करार झाला होता. तरीही यंत्राची किंमत 18,000 रुपये पडली. त्या काळच्या नोकरदाराच्या कित्येक महिन्यांच्या पगाराइतकी ही रक्कम केवळ एका खेळण्यासाठी कोण घालणार? घातली ती थोड्यांनीच.

याउलट कॉम्प्युटरच्या मागे सारे सरकार उभे होते. 1984 च्या नोव्हेंबरात नवे संगणक धोरण जाहीर झाले. पुढे 1996 च्या डिसेंबरात सिंगापूर येथे व्यापारमंत्र्यांच्या परिषदेत माहिती तंत्रज्ञानाचा करार ठरला. भारत त्यात सामील झाला आणि 2005 पर्यंत कॉम्प्युटरवरील आयातकर पायरीपायरीने शून्यावर आला. त्या कराराच्या यादीत कॉम्प्युटर होता, कन्सोल नव्हता. 2015 मध्ये या कराराची यादी वाढविण्यात आली तेव्हा तीत व्हिडिओ गेमची यंत्रेही आली. पण त्या वाढीव करारात भारत सामील झाला नाही. 2017 साली वस्तू व सेवा कर सुरू झाला तेव्हा कॉम्प्युटरवर 18 टक्के आणि कन्सोलवर 28 टक्के कर बसविण्यात आला. एक यंत्र अवजार ठरले आणि दुसरे चैन. शर्यतीसाठी कोणते यंत्र चांगले, हा वाद पाश्चात्त्य देशांत चित्राच्या सुबकतेवरून आणि वेगावरून रंगला. आपल्याकडे तो बराचसा जकातीच्या खात्यानेच निकालात काढला होता, ही गोष्ट या इतिहासात पुरेशी सांगितली जात नाही.

करापेक्षाही घरातील मताचा प्रभाव मोठा होता. 1995 ते 2005 या दहा वर्षांत पुण्या-मुंबईत, नाशकात, नागपुरात आणि बडोद्याच्या मराठी घरांतही कॉम्प्युटर आला तो ‘मुलांच्या अभ्यासासाठी’. स्थानिक दुकानदाराकडून सुटे भाग जोडून घेतलेला, तीस-चाळीस हजारांचा, पतपेढीचे कर्ज काढून आणलेला तो पीसी दिवाणखान्यात प्लॅस्टिकच्या आच्छादनाखाली विराजमान होई, त्याला हळदकुंकू लागे, आणि तिसऱ्या दिवशी शेजारच्या मुलाने आणलेल्या सीडीवरून त्यात ‘रोड रॅश’ शिरे. आईवडिलांनी अवजार विकत घेतले होते. मुलांनी त्यात खेळणे शोधून काढले. यात फसवणूक होती असे म्हणणे कठोरपणाचे होईल. मुलाला शर्यत हवी होती आणि ती उघडपणे मागण्याची सोय नव्हती.

गंमत अशी की ज्या खेळांना ती पिढी आजही ‘कॉम्प्युटरवरचे खेळ’ म्हणून आठवते ते मुळात कन्सोलवर जन्मले होते. ‘रोड रॅश’ 1991 साली सेगाच्या मेगा ड्राइव्हवर निघाला, 1994 मध्ये ‘थ्रीडीओ’ नावाच्या महागड्या कन्सोलवर त्याची सुधारलेली आवृत्ती आली आणि विंडोजवर तो पोहोचला 1996 मध्ये. ‘नीड फॉर स्पीड’ही प्रथम 1994 मध्ये त्याच थ्रीडीओवर आणि 1995 मध्ये पीसीवर. म्हणजे 18,000 रुपयांचे मेगा ड्राइव्ह ज्या घराने नाकारले त्याच घरात मेगा ड्राइव्हचा खेळ मागच्या दाराने आला. ‘रोड रॅश’मध्ये मोटारसायकलवरून जाताना शेजारच्या स्वाराला लाथ मारता येई, साखळीने झोडता येई, आणि पोलीस मागे लागत. शर्यत आणि साठमारी यांचा असा संकर पाणीगेटच्या अगडातही झाला नसेल.

ज्यांच्या घरी पीसीही नव्हता त्यांच्यासाठी सायबर कॅफे उघडले. 15 ऑगस्ट 1995 रोजी विदेश संचार निगमने इंटरनेट जनतेसाठी खुले केले आणि 1998 च्या अखेरीस खासगी कंपन्यांनाही मुभा मिळाली; त्यानंतर शहरांच्या जुन्या पेठांतून जिन्याखाली, गाळ्यात, झेरॉक्सच्या दुकानामागे सहा-आठ पीसी मांडलेले कॅफे दिसू लागले. तासाच्या हिशोबाने पैसे. शाळा सुटल्यावर मुले तेथे एकाच तारेने जोडलेल्या शेजारशेजारच्या यंत्रांवर शर्यत लावीत. येथे कॉम्प्युटर पुन्हा 1974 च्या नाण्याच्या पेटीसारखा झाला: सर्वांना सारखे यंत्र, सारखा वेळ. भाड्याच्या घोड्यावर सगळे स्वार समान. त्यातल्या त्यात कोपऱ्यातील नव्या यंत्रासाठी भांडणे होत, ती गोष्ट वेगळी.

आता प्रत्यक्ष शर्यतीच्या दृष्टीने दोन्ही वाहनांची तुलना करावयाची तर पहिला विचार हाताचा केला पाहिजे. कीबोर्डवरील बाणाची कळ एक तर दाबलेली असते किंवा नसते. थोडेसे वळणे, हळूच ब्रेक लावणे तिला ठाऊक नाही. म्हणून कीबोर्डवर मोटार हाकणारा मुलगा कळ टकटक करून वळण घेतो. 1996 मध्ये निन्टेन्डोने आणि 1997 मध्ये सोनीने कन्सोलच्या हातयंत्रावर अंगठ्याने हवी तितकीच कलणारी दांडी बसविली, आणि त्याच डिसेंबरात सोनीच्या प्लेस्टेशनवर काझुनोरी यामाउची यांचा ‘ग्रॅन टुरिस्मो’ प्रसिद्ध झाला. खऱ्या कारखान्यांच्या शंभराहून अधिक मोटारी, प्रत्येकीचा निराळा स्वभाव, आणि साधी मोटार घेऊन, शर्यती जिंकून, पैसे साठवून पुढची घ्यावयाची अशी त्याची रचना. त्याच्या एक कोटीहून अधिक प्रती खपल्या. सामान्य घरातील मुलाला गाडीचे वजन कोणीकडे झुकते हे अंगठ्याला कळावे, ही कामगिरी कन्सोलची, आणि ती मान्य केली पाहिजे.

पीसीने दुसरी दिशा धरली. अमेरिकेतील पॅपिरस या मंडळींनी 1989 साली ‘इंडियानापोलिस 500’ आणि 1998 साली ‘ग्रां प्री लेजंड्स’ हे खेळ काढले. दुसऱ्यात 1967 सालच्या मोटारी होत्या, अरुंद टायरांच्या आणि बेभरवशाच्या. नवशिक्याला पहिली फेरी न घसरता पुरी करणे कठीण जाई, आणि त्या काळच्या बहुतेक पीसींना तो नीट झेपतही नसे. विक्री बेताची झाली. परंतु पीसी हे उघडे यंत्र असल्यामुळे हौशी लोकांनी त्या खेळासाठी स्वतः नवे मार्ग रचले, चित्रे सुधारली, आणि कंपनीने पाठ फिरविल्यावरही तो जिवंत ठेवला. याच मंडळींपैकी डेव्ह केमर यांनी पुढे ‘आयरेसिंग’ उभारले. 2008 पासून चालू असलेल्या या सेवेत शर्यतीचे मार्ग लेसरने इंच न् इंच मोजून घेतलेले असतात, आणि स्वाराला वेगाबरोबर सभ्यपणाचेही गुण मिळतात. धक्काबुक्की करणाऱ्याला खालच्या वर्गात राहावे लागते. ते विंडोजच्या पीसीवरच चालते.

पण पागेचा खर्च येथेच सुरू होतो. उत्तम ग्राफिक्स कार्ड, वळणाचा जोर हाताला परत देणारे स्टिअरिंग, दाबाचे मोजमाप करणारी पेडले, तीन पडदे, लोखंडी चौकटीवर बसविलेली खुर्ची. ज्याच्यापाशी हे सारे आहे त्याला रस्ता अधिक स्पष्ट दिसतो, आणि चित्र सेकंदाला तीस किंवा साठ वेळा बदलण्याऐवजी शंभराहून अधिक वेळा बदलत असल्यामुळे गाडी घसरू लागल्याची जाणीव डोळ्याला किंचित आधी होते. शर्यतीत किंचित म्हणजे पुष्कळ. कन्सोलवर अशी तफावत अगदी नसते असे नाही, कारण स्टिअरिंग तेथेही विकत घेता येते; परंतु मूळ यंत्र सर्वांचे एकच असल्याने ती बरीच आटोक्यात राहते. शिवाय कन्सोल विकताना कंपन्या पुष्कळदा नफा सोडतात आणि तो खेळांच्या किमतीतून भरून काढतात. पीसीवाल्याला यंत्र महाग पडते, खेळ स्वस्त मिळतात. भारतात या व्यवहाराची पहिली अर्धी बाजू करांनी झाकून टाकली. 2007 च्या एप्रिलमध्ये सोनीचा ‘प्लेस्टेशन 3’ येथे आला तो 39,990 रुपयांना. तेवढ्यात त्या वर्षी चांगला पीसी येत असे, आणि तो अभ्यासासाठी आहे असे सांगताही येत असे.

समतेचा प्रश्न खेळ रचणाऱ्यांनाही सुटलेला नव्हता. निन्टेन्डोच्या 1992 सालच्या ‘सुपर मारिओ कार्ट’मध्ये मागे पडलेल्याला अधिक प्रभावी आयुधे मिळत, जशी घोड्यांच्या शर्यतीत बलवान घोड्याच्या पाठीवर शिशाचे वजन चढवितात. शर्यतीचे शुद्धतावादी यावर नाक मुरडतात; पण धाकट्या बहिणीला बरोबर घेऊन खेळणाऱ्या कुटुंबाला त्याची योग्यता बरोबर कळली.

गरीब स्वाराला खरा घोडा मिळवून देण्याचा प्रयत्न मात्र एकदा झाला, आणि तो कन्सोलच्या बाजूने झाला. 2008 साली निस्सान आणि सोनी यांनी ‘जीटी अकॅडमी’ ही स्पर्धा सुरू केली. घरी ‘ग्रॅन टुरिस्मो’ खेळून सर्वांत कमी वेळ नोंदविणाऱ्यांना निवडावयाचे, शिकवावयाचे आणि खऱ्या मोटारीत बसवावयाचे. पहिल्या वर्षीचे विजेते स्पेनचे लुकास ऑर्दोन्येस आणि 2011 चे विजेते इंग्लंडचे यान मार्डनबरो पुढे ल मां येथील चोवीस तासांच्या शर्यतीत प्रत्यक्ष धावले. 2014 मध्ये ही स्पर्धा भारतातही घेण्यात आली. ज्याची गाडी सर्वांसारखीच त्याच्या हातातील गुण निवडता येतो, हे तत्त्व या योजनेच्या मुळाशी होते. प्रत्येकाची पागा निराळी असती तर ही परीक्षा घेणे फार अवघड झाले असते. ‘ग्रॅन टुरिस्मो’च्या आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाने मान्य केलेल्या स्पर्धेची अंतिम फेरी 2018 साली मोनाको येथे झाली, तेव्हाही सर्व स्पर्धकांपुढे एकच यंत्र होते. ती जिंकणारे ब्राझीलचे इगोर फ्रागा दोन वर्षांनी खऱ्या फॉर्म्युला थ्री शर्यतीत उतरले.

2020 च्या मार्चमध्ये करोनाच्या साथीने जगातील मोटारशर्यती बंद पडल्या तेव्हा फॉर्म्युला वनने आभासी शर्यती भरविल्या. त्या पीसीवर झाल्या. पण तेथे संयोजकांनी काय केले हे पाहण्यासारखे आहे: सर्व गाड्यांची शक्ती सारखी केली आणि त्यांची जुळणी बदलण्यास बंदी घातली. पीसीवर शर्यत भरवूनही नियम कन्सोलचा लावला, असे म्हणावयास हरकत नाही. उलट बाजूही सांगितली पाहिजे. 2023 च्या जानेवारीत पीसीवरील आभासी ल मां शर्यतीत जगज्जेते मॅक्स व्हर्स्टॅपेन यांचा संघ आघाडीवर असताना त्यांची जोडणीच तुटली, आणि त्यांनी संतापून उघड नाराजी व्यक्त केली. वाहन कितीही उंची असो, रस्ता दुसऱ्याच्या ताब्यात असला की स्वाराचे काही चालत नाही.

अलीकडे दोन्ही वाटा एकमेकींजवळ येत आहेत. मायक्रोसॉफ्टचा ‘फोर्झा होरायझन 3’ हा 2016 साली कन्सोल आणि पीसी दोहोंवर एकदम निघाला. 2025 मध्ये तर ‘फोर्झा होरायझन 5’ प्रतिस्पर्धी सोनीच्या यंत्रावरही आला. पण मालकीचा जुना प्रश्न नव्या रूपाने पुढे आला आहे. खऱ्या कारखान्यांच्या मोटारींचे परवाने ठरावीक मुदतीचे असतात. मुदत संपली की खेळ विक्रीतून काढला जातो, आणि 2020 साली त्याच ‘फोर्झा होरायझन 3’ची ही गत झाली. युबिसॉफ्टचा ‘द क्रू’ हा 2014 सालचा शर्यतीचा खेळ तर 31 मार्च 2024 रोजी कंपनीने आपले सर्व्हर बंद करताच, पैसे देऊन घेतलेल्यांनाही, कन्सोलवर व पीसीवर सारखाच बंद झाला. 1998 चा ‘ग्रां प्री लेजंड्स’ हौशी लोकांच्या जिवावर चालू राहतो आणि 2014 चा ‘द क्रू’ नाहीसा होतो. यंत्राच्या जातीपेक्षा किल्ली कोणाच्या हाती आहे यालाच येथे महत्त्व आले.

पाणीगेटपासून मांडवीकडे चालत गेले की त्याच तटबंदीच्या आतल्या शहरात सयाजीराव महाराजांच्या काळचे मध्यवर्ती ग्रंथालय लागते. तेथील मुलांच्या विभागात पुस्तकांच्या जोडीने खेळही ठेवलेले असत, आणि चित्रपट दाखविणारी एक शाखाही ग्रंथालय खात्याला जोडलेली होती. खेळणे आणि अवजार यांत भिंत न घालणारे राज्यकर्ते थोडेच होऊन गेले. उत्तर भारतात 2011 ते 2013 अशी तीन वर्षे ग्रेटर नोएडा येथील बुद्ध सर्किटवर फॉर्म्युला वनची शर्यत झाली. तेव्हा तेथील राज्य सरकारने तिला क्रीडा न मानता करमणूक ठरवून करमणूक कर लावला, वाद वाढला, आणि 2014 पासून ती शर्यत भारतात झाली नाही. कोडमास्टर्स कंपनीच्या ‘एफ-1’ या खेळाच्या 2011, 2012 आणि 2013 च्या आवृत्त्यांत मात्र तो मार्ग आहे. त्या वर्षीची तबकडी आणि तिच्या जोडीचा जुना कन्सोल ज्याने जपून ठेवला आहे तो आजही त्या लांब सरळीवरून पूर्ण वेगाने गाडी नेऊन तिच्या टोकाच्या वळणाला ब्रेक लावू शकतो.